फाटक्या आवाजाचा हिशेब

मोकळ्या मैदानातल्या सभेत माईकवाला आवाज जास्त चढवतो, भोंगा चिरकायला लागतो, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडतेच, "अरे बाबा, आवाज फाटतोय, कमी कर!" फाटलेला आवाज म्हणजे बिघाड, अशी आपली सर्वांची समजूत. परंतु वाचकहो, जगात एक संगीत असे आहे की ज्यात गिटारचा आवाज मुद्दाम फाडतात. नुसता फाडत नाहीत, तर तो कसा फाडावा, किती फाडावा, यावर माणसे वर्षेच्या वर्षे घालवतात. त्या संगीताला हेवी मेटल म्हणतात. आणि आवाज फाडण्याचे काम करणारा, पायाने दाबायचा, अर्ध्या विटेएवढा जो डबा असतो, त्याला पेडल म्हणतात.

हे वेड आता परके राहिलेले नाही. मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन हा मेटल बँड २००० साली सुरू झाला. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडन हा इंग्लंडचा नामांकित बँड मुंबईत वाजवून गेला, २०११ साली मेटॅलिका बंगळुरात येऊन गेला. आज चाळीतल्या पोराच्या मोबाईलमध्येही ही गाणी असतात. तेव्हा एक दिवस मुलगा किंवा मुलगी घरात सांगते, "मला डिस्टॉर्शन पेडल पाहिजे." वडील म्हणतात, "गिटार घेऊन दिली ना? आता हा डबा कशाला?" आई काही बोलत नाही, मनातल्या मनात किराण्याचा हिशेब करते. दोन्ही बाजूंचे बरोबर असते. मात्र चुकीचा डबा घरी आला, तर तो दोन महिन्यांत कपाटावर धूळ खात पडतो आणि "आवाज बरोबर येत नाही, दुसरा घ्यावा लागेल" हे ऐकावे लागते. तसे होऊ नये म्हणून हा लेख मागणाऱ्यांनीही वाचावा आणि पैसे मोजणाऱ्यांनीही.

प्रथम आवाज फाटतो म्हणजे काय होते ते पाहू. गिटारची तार छेडली की विजेची एक लाट तयार होते, वर जाते, खाली येते. अँप्लिफायर ती लाट मोठी करतो. पण प्रत्येक यंत्राला एक छत असते. उंच माणूस बुटक्या दारातून जाऊ लागला की डोके आपटते, तसा लाटेचा माथा त्या छताला आपटतो आणि कापला जातो. माथा कापला की मूळ सुरात नसलेले नवे वरचे सूर त्यात मिसळतात. म्हणून आवाज खरखरीत, भरलेला लागतो आणि पुष्कळ वेळ टिकतो. बहुतेक पेडलमध्ये हे कापण्याचे काम डायोड नावाचे छोटे भाग करतात. माथा हळुवार, गोलसर कापला की त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. करवतीने कापावा तसा सपाट कापला की डिस्टॉर्शन. आणि लाट जवळजवळ चौकोनीच करून टाकली तर तो फझ. दुकानदार नावे कशीही सांगो, मूळ फरक एवढाच आहे.

गंमत अशी की हा शोध कोणा शास्त्रज्ञाने लावलेला नाही. तो मोडक्या सामानातून लागला. १९५१ साली अमेरिकेत मेम्फिस गावी आईक टर्नरच्या कृष्णवर्णीय वादकांचा ताफा 'रॉकेट ८८' हे गाणे ध्वनिमुद्रित करायला गेला. वाटेत विली किझार्ट या गिटारवादकाच्या अँपला मार बसला. फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम चालवले, असे सांगतात. तो गुणगुणता, फाटका आवाज रेकॉर्डवर तसाच राहिला आणि लोकांना आवडला. १९५८ साली लिंक रे या वादकाने तर पेन्सिलीने आपल्याच अँपच्या स्पीकरला भोके पाडली. पुढे नॅशव्हिल येथे स्टुडिओतल्या यंत्राचा एक भाग बिघडला, त्यातून आलेला आवाज 'डोन्ट वरी' या गाण्यात राहून गेला. तोच आवाज डब्यात भरून १९६२ साली मेस्ट्रो फझ-टोन हे पेडल बाजारात आले. नवे सामान घ्यायची ऐपत नसलेल्यांनी जुन्या सामानातून जे काढले, त्याचा पुढे माल झाला!

परंतु ज्याला आपण हेवी मेटल म्हणतो त्याचा आवाज इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात जन्माला आला, आणि त्याची गोष्ट कामगारांच्या घरात सांगण्यासारखी आहे. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरी सोडण्याच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे बनवली, वर चामडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात म्हणून पातळ तारा लावल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या अल्बमात तारा तीन अर्धस्वर उतरवून सैल केल्या, त्यामुळे आवाज आणखी खोल गेला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाला. हेवी मेटलची सुरुवात बहुतेक लोक तिथून धरतात.

आता इथे जरा थांबावे लागेल, कारण सगळा मुद्दा इथेच आहे. आयोमीच्या आवाजात एवढा दणका, एवढा जडपणा. तर त्याच्या अँपच्या आधी कोणता डबा होता? बेस वाढवणारा? नाही. त्याच्याकडे होता डॅलस रेंजमास्टर, म्हणजे ट्रेबल वाढवणारा डबा! एका ट्रान्झिस्टरचे साधे यंत्र. ते खालचे सूर जवळजवळ सोडून देते आणि वरचे-मधले सूर जोरात पुढे ढकलते. जगातला सर्वांत जड समजला जाणारा आवाज हा बेस आधी कमी करून तयार झालेला आहे.

हे उलटे वाटते, पण कारण सरळ आहे. गिटारच्या जाड तारांत जोर सर्वांत जास्त असतो. बेस तसाच फाडणाऱ्या यंत्रात सोडला, तर छताला आधी तोच आपटतो आणि आपल्याबरोबर बाकीच्या सुरांनाही चिरडतो. मग ऐकू येतो तो चिखल. भाजी चिरण्याआधी धुवायची असते, चिरल्यावर धुतली तर सत्त्व पाण्यात जाते. तसे बेस कापायचा तो आवाज फाटण्याआधी. फाटल्यानंतर हवा तेवढा बेस पुन्हा घालता येतो, तेव्हा तो घट्ट बसतो. डबा घेताना एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे पैसे वाचले.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. मेटलवाले पूर्ण कॉर्ड फारसा का वाजवत नाहीत, बहुतेक दोनच सूर का धरतात, असा प्रश्न नव्या मुलांना पडतो. दोन सूर एकत्र फाटले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. पॉवर कॉर्डमधल्या दोन सुरांचे प्रमाण दोनास तीन असते. तीनातून दोन गेले, राहिला एक, म्हणजे मूळ सुराच्या एक सप्तक खालचा सूर. कोणी न वाजवलेला तिसरा सूर आपोआप उमटतो आणि तो सुरातच असतो. तीन-चार सुरांचा भरलेला कॉर्ड वाजवला तर ही बेरीज-वजाबाकी आपसात भांडते आणि गोंगाट होतो. आम्ही गिटार वाजवत नाही, आकड्यांशी आमचा संबंध ऑफिसातल्या खातेवहीपुरता. पण हा हिशेब पाहून आम्हालाही मौज वाटली.

रेंजमास्टरचे ते काम पुढे जपानमध्ये बनलेल्या एका हिरव्या डब्याने उचलले. आयबानेझ कंपनीचा ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८ हा १९७९ च्या सुमारास आला, त्यानंतर १९८२ मध्ये टीएस-९. याच घराण्यातला बॉस कंपनीचा पिवळा एसडी-१ हा १९८१ चा. हे दोन्ही ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मऊ फाडणारे. ब्लूज वाजवणाऱ्यांसाठी शोभतील असे डबे. मग मेटलवाले ते का विकत घेतात? कारण ट्यूब स्क्रीमरच्या आत सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचे सूर कमी कमी वाढवले जातात आणि मधले सूर उठून येतात. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणजे तिचा गदगदाट इथे आपोआप आवरला जातो.

वापरण्याची रीत अशी आहे. अँपचे स्वतःचे डिस्टॉर्शन चालू ठेवायचे. त्याच्या आधी हा डबा जोडायचा. डब्याचे ड्राइव्हचे बटण जवळजवळ शून्यावर, लेव्हलचे बटण वर, टोन मध्यावर. म्हणजे डबा स्वतः आवाज फाडत नाही. तो फक्त बेस आवरतो आणि अँपला जोरात धक्का देतो, फाडायचे काम अँप करतो. मग तळहाताची कड तारांच्या मुळाशी टेकवून वाजवले की आगगाडीसारखा तुटक, ठोस झक-झक आवाज निघतो. तोच आवाज या डब्याविना वाजवून पाहा, गाडी चिखलात रुतल्यासारखी वाटेल. अँप चांगला फाडणारा असेल, तर नवे डिस्टॉर्शन पेडल घेण्याची गरजच नसते. असा एक साधा ओव्हरड्राइव्ह पुरतो.

मात्र आपल्याकडे बहुतेक मुलांजवळ तसा अँप नसतो. असतो तो छोटा सरावाचा अँप, ज्याचा आवाज स्वच्छ असतो किंवा ज्यातले डिस्टॉर्शन नावापुरते असते. अशा अँपला वरचा हिरवा डबा जोडून मेटलचा आवाज येणार नाही. मुलगा निराश होईल. इथे खरे डिस्टॉर्शन पेडल हवे. बॉसचा नारिंगी डीएस-१ हा १९७८ पासूनचा, स्वस्त आणि दणकट. पण त्यात मधले सूर खोल जातात, निव्वळ मेटलसाठी तो थोडा पातळ पडतो. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जन्मलेला प्रोको रॅट हा आमच्या मते जास्त उपयोगाचा. त्याचे फिल्टरचे बटण उजवीकडे नेले की ट्रेबल कमी होते, हे उलटे आहे, ते ध्यानात ठेवावे.

आणि मग तो काळा डबा, बॉस एमटी-२ मेटल झोन, १९९१ चा. नावातच मेटल, म्हणून मुले आधी याच्यावरच बोट ठेवतात. याची बदनामीही पुष्कळ झाली आहे, डब्यात माशा घोंगावतात असे म्हणतात. आम्हाला विचाराल तर दोष डब्याचा कमी आणि बटणे फिरवणाऱ्याचा जास्त. यात फाडण्याची ताकद अफाट आहे आणि मधले सूर हवे तिथून हवे तेवढे कापता येतात. नवा मुलगा काय करतो? डिस्टॉर्शन पूर्ण, बेस पूर्ण, ट्रेबल पूर्ण, मिड शून्य. एकट्याने खोलीत वाजवताना हे भव्य वाटते. ढोल, बेस गिटार आणि गाणारा सोबत आला की गिटार गायब! कारण गिटारचे घरच मधल्या सुरांत आहे. खाली बेस गिटार बसलेली, वर झांजा बसलेल्या, मधली जागा आपण स्वतःच रिकामी केली. डिस्टॉर्शन निम्म्याच्याही खाली आणि मिड मध्यावर किंवा थोडा वर, असे करून हाच डबा ऐकावा.

बटणे सगळी पूर्ण फिरवायची नसतात, या नियमाला एक नामी अपवाद आहे, तोही सांगितला पाहिजे. बॉसनेच १९८३ मध्ये एचएम-२ हेवी मेटल हा डबा काढला. मोठमोठ्या अँपचा आवाज छोट्या डब्यात मिळावा, असा हेतू. फारसा नावाजला गेला नाही आणि १९९१ मध्ये बंद झाला. पण दरम्यान स्वीडनमधल्या स्टॉकहोम शहरातल्या पोरांनी त्याची सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवली. निघालेला आवाज लाकूड कापायच्या यांत्रिक करवतीसारखा होता. सनलाइट स्टुडिओत टॉमस स्कोग्सबर्ग या ध्वनिमुद्रकाने तो टिपला. एन्टूम्ड या बँडचा १९९० चा 'लेफ्ट हँड पाथ' आणि डिसमेंबरचा १९९१ चा अल्बम या आवाजावर उभे आहेत, आणि स्वीडिश डेथ मेटल म्हणून वेगळी ओळखच तयार झाली. यातही तेच गणित आहे. एचएम-२ मध्ये खालचे आणि वरचे-मधले सूर उचलण्याचे काम आवाज फाटल्यानंतर होते, म्हणून एवढा राक्षसी असूनही तो उभा राहतो. जुन्या डब्याची मागणी इतकी वाढली की कंपनीला २०२१ साली तो नव्याने, एचएम-२डब्ल्यू या नावाने काढावा लागला. बेहरिंगर कंपनीने प्लॅस्टिकच्या खोक्यात त्याच धर्तीचा एचएम३०० काढला, ट्यूब स्क्रीमरच्या धर्तीचा टीओ८००ही. प्लॅस्टिक आहे, रोज स्टेजवर बूट आदळला तर टिकणार नाही. घरी शिकणाऱ्याला मात्र नाव ठेवण्यासारखे काही नाही. वापरलेला मिळाला तर तोही घ्यावा, फक्त बटणे फिरवताना खरखर होते का, पायाचे बटण प्रत्येक वेळी लागते का, हे दुकानातच पाहावे.

सर्वांत मोठी फसगत मात्र वेगळीच असते. घरात गिटारचा अँप नसतो, मुलगा पेडल सरळ होम थिएटरला, मंडळाच्या डीजे बॉक्सला नाहीतर हेडफोनला जोडतो. आवाज येतो तो डासांचा. मग पेडल खराब म्हणून परत करायची घाई होते. पेडल खराब नसते. गिटारच्या अँपमधला स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे सूर सोडतच नाही, फाटल्याने तयार झालेली सगळी किरकिर तो गाळून टाकतो. म्हणजे तो चहाच्या गाळणीचे काम करतो. होम थिएटर सगळेच सूर प्रामाणिकपणे ऐकवतो, चोथ्यासकट. म्हणून अँप नसेल तर पेडलच्या पुढे कॅबिनेट सिम्युलेटर नावाची गाळणी लागते. संगणक आणि छोटे ऑडिओ इंटरफेस असेल, तर ही गाळणीच काय, अख्खे अँप आणि पेडल फुकटच्या प्रोग्राममध्ये मिळतात. अशा घराने डब्यावर खर्च करण्याआधी ते वापरून पाहावे. शेजाऱ्याच्या घरी बाळ झोपलेले असेल तर हेडफोनवर सरावही होतो.

डबा घेतला की त्याला वीज लागते, आणि इथे दुकानदार फारसे बोलत नाहीत. बहुतेक पेडलला ९ व्होल्टचा डीसी अ‍ॅडॉप्टर लागतो, ज्याची मधली बाजू निगेटिव्ह असते. घरातल्या जुन्या रेडिओचा एलिमिनेटर पुष्कळदा उलटा, म्हणजे मधली बाजू पॉझिटिव्ह असतो. पिन बसते म्हणून लावला तर डबा जळू शकतो. अ‍ॅडॉप्टरवर गोल चिन्ह छापलेले असते, ते पाहून मगच लावावा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अर्थिंगची. जुन्या खोल्यांत तीन पिनांचा बोर्ड नसतो, असला तरी अर्थिंगची वायर आत जोडलेली नसते. मग अँप घुं-घुं करतो, आणि फाडणारा डबा लावला की तो घुंकार कित्येक पट वाढतो. कोणीतरी शहाणा अर्थिंगची जाड पिन तोडायचा सल्ला देतो. वाचकहो, असे कदापि करू नका, मुलांना करू देऊ नका. गिटारच्या तारा केबलमधून थेट अँपच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. आत बिघाड झाला आणि अर्थिंग नसली, तर तारेला लागलेले बोट म्हणजे विजेला लागलेले बोट. १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्झी येथे लेस हार्वी हा तरुण गिटारवादक भर स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माईकला हात लावून मरण पावला. डबा पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावी.

दुकानात जाताना मुलाने स्वतःची गिटार न्यावी, आणि शक्य असेल तर ज्या अँपवर घरी वाजवायचे त्याच जातीचा अँप मागावा. दुकानातल्या महागड्या अँपवर सगळेच डबे गोड लागतात. बटणे सगळी मध्यावर ठेवून सुरुवात करावी. डिस्टॉर्शन हळूहळू वाढवत जावे आणि तारा दाबून वाजवलेला ठोका अस्पष्ट व्हायला लागला की तिथून थोडे मागे यावे. वाजवायचे थांबल्यावर फुसफुस किती येते तेही ऐकावे. ती कमी करणारे नॉइज गेट नावाचे वेगळे पेडल मिळते, पण डिस्टॉर्शन कमी केल्याने जी फुसफुस जाते तिच्यासाठी ते विकत घ्यायचे कारण नाही.

बॅटरीवर वाजवणार असाल तर एक सांगायचे राहिले. पेडल पायाने बंद केले म्हणजे बॅटरी बंद होत नाही. इनपुटला केबल घातली की ती चालू होते आणि केबल काढली की बंद. वाजवून झाले की गिटारकडून येणारी केबल उपसून ठेवावी, नाहीतर ९ व्होल्टची बॅटरी उगाच उतरत राहील.